पुढचं डावं चाक

हिरूमावशी, तुझ्या घरातल्या कोपऱ्यात ठेवलेली पणती अजून जळत होती आणि बाबूशेठ गाडी मागायला आला.

चपला बाहेर काढल्या, हात जोडले, चेहरा पाडला. मग म्हणाला, "बायांनो, टेम्पो हिरूबायचा होता, हिरूबायबरोबर गेला असं समजा. पासिंग तोंडावर आलंय. पुढचं डावं चाक मी येताना बघितलं, त्यावर तपासणीचे साहेब शिक्का मारायचे नाहीत. मला देऊन टाका. म्हावरं पहिल्यासारखं माझ्या गाडीतून जाईल, कुणाला त्रास नको."

कुणाला त्रास नको! ज्या माणसाच्या गाडीत तुझ्या येसूचा पाय मोडला, तो माणूस तुझ्या सुतकात, तुझ्या ओट्यावर, तुझ्याच भावकीला त्रासाबद्दल सांगतोय! मयताच्या घरात भांडू नये म्हणतात. मी भांडले. "टेम्पो हिरूमावशीचा नव्हता, पाच बायांचा आहे. एक गेली, चार आहेत. आणि सरकारी तपासणीत गाडी बघतात, मालकिणी किती उरल्या ते नाही बघत," असं मी तोंडावर सांगितलं. तो माझ्याकडे न बघता येसूमावशीकडे बघत राहिला. त्याला ठाऊक होतं, पासिंग झालं नाही तर गाडी रस्त्यावर आणता येणार नाही, आणि गाडी रस्त्यावर आली नाही तर दुसऱ्या सकाळी मासळीच्या पाट्या घेऊन चौघी पुन्हा त्याच्याच दारात उभ्या राहतील.

येसूमावशी मोडका पाय लांब करून बसली होती. ती एवढंच बोलली, "पासिंग होऊ दे बाबू, मंग ये."

तिच्या आवाजात जोर नव्हता. ते मला कळलं, त्यालाही कळलं. बाहेर पडताना तो हसला. त्या हसण्याचं काय झालं ते सांगायला हे लिहितेय. तू कधी जन्मलीस, कुणाची लेक, कुणाची सून, ते ज्यांना लिहायचं त्यांनी लिहावं. मला आपलं भांडण पुरं करायचंय.

तुला आठवतं, आपली ओळखच भांडणातून झाली. बाबूशेठचा टेम्पो सात बंगल्याच्या वळणावर घसरला त्याच आठवड्यात. पाट्यांतलं बर्फाचं पाणी रस्त्यावर सांडून रस्ता बुळबुळीत झालेला, आणि टेम्पोची चाकं गोटा. म्हणजे रबरावरच्या खाचा झिजून साफ गेलेल्या, हात फिरवला तर नदीतला दगड. ब्रेक मारला, गाडी थांबायच्या ऐवजी सरकत गेली. पुढचं डावं चाक फुटलं, टेम्पो त्या अंगाला कलंडला आणि पाट्यांखाली तुझ्या जावेचा, येसूचा, पाय सापडला. बाबूशेठ म्हणाला, नशीब. ड्रायव्हर म्हणाला, नशीब. हवालदारसुद्धा म्हणाला, नशीब. मी तेव्हा पार्ल्याच्या कॉलेजात होते. आमच्या मरोळच्या युवक मंडळाचं सायक्लोस्टाइल मशीन बुद्धविहाराच्या मागच्या खोलीत होतं. आम्ही पत्रक काढलं, "हे नशीब नाही, हा ठेकेदाराचा गोटा टायर आहे!" आणि मी ते घेऊन वर्सोव्याला आले.

तू बोंबील वाळत घालत होतीस.

"काय गो, काय वाटतंस?"

"पत्रक आहे, मावशी."

"फुकट?"

"हो."

"मंग दोन दे. एक सुकटीला, एक जवल्याला."

माझ्या अंगाची आग झाली. म्हटलं, मावशी, हे बांधायला नाही, वाचायला आहे. तू म्हणालीस, "मना वाचता नाय येत. तूच वाच." मग मी उपड्या घातलेल्या एका होडीवर चढले आणि सभेत वाचावं तसं खणखणीत आवाजात वाचलं. धिक्कार असो, धिक्कार असो, त्रिवार धिक्कार असो! किनाऱ्यावरच्या सगळ्या बाया कामं सोडून उभ्या राहिल्या. मला वाटलं, जिंकलं.

"झाला?" तू विचारलंस.

"झालं."

"उद्या सकाली माजा म्हावरा अंधेरीला कोन नेनार? तुज्या त्या धिक्काराची गारी हाय काय?"

केवढ्यानं हसल्या सगळ्या! घरी पोचेपर्यंत मी मनातल्या मनात तुला उत्तरं देत होते. दुसऱ्या दिवशी पत्रकं न घेताच आले, सरळ बोलायला. तर तू कमरेवर हात ठेवून म्हणतेस, "ए कागदवाली, आज कागद नाय? मी जवला कशात बांधू?"

त्या दिवसापासून मी कागदवाली.

पण प्रश्न तू बरोबर विचारला होतास, आणि उत्तरही तूच काढलंस. तू, येसूमावशी, कमळी आणि त्या दोघी सोना, थोरली आणि धाकटी, अशा पाचजणींनी मिळून कुर्ल्याच्या एका लाँड्रीवाल्याचा जुना चारचाकी टेम्पो घेतला. तुझा भाचा दत्तू गाडी चालवायला बसला. गाडी कोळीवाड्यात आली तेव्हा सगळ्या बाया पुढे काचेला हळदकुंकू लावत होत्या, कुणी नारळ फोडत होतं. तू मात्र खाली, चाकापाशी उकिडवी बसली होतीस. अंगठ्याचं नख खाचेत घालून बघत होतीस.

"बुडतंय," म्हणालीस. "बरा हाय."

टायर कसा बघायचा हे माझ्या बाबांनी मला शिकवलं. ते बसच्या डेपोत चाकं चढवायच्या कामावर आहेत. मी ते तुला सांगितलं. तू ते ऐकलंस, पण तुझ्या सोयीनं ऐकलंस! नारळी पौर्णिमा आली. होड्यांना रंग झाले, लाकडाला मुशी माशाचं तेल चोपडलं, आणि तू तेच डबडं घेऊन टेम्पोच्या चाकांना तेल लावायला बसलीस.

मी लांबून ओरडत आले, "मावशी, रबराला तेल नको! बाबा सांगतात, तेलानं रबर फुगतं, मऊ पडतं!"

"तुजा बाबा डेपोत चाका चरवते. दर्यात गेलाय कवा?"

"टेम्पोसुद्धा दर्यात जात नाही, मावशी!"

"गारी म्हंजे आमची होरीच. होरीला तेल न गारीला नाय, असा दुजाभाव मी नाय करनार."

टायर झकास काळे झाले, आरशासारखे. चार दिवस गाडीमागून वर्सोव्यातल्या सगळ्या मांजरी. अंधेरीच्या बाजारात गाडी उभी राहिली की चाकं चाटायला मांजरींची रांग, आणि दत्तू काठी घेऊन रखवालीला. बाजारातली पोरं त्याला म्हणायची, "दत्तूभाऊ, गाडी विकताय की तळताय?" पण मधूनमधून तू तेलाचा हात फिरवतच राहिलीस आणि दिवाळीच्या सुमाराला हसायचे दिवस संपले. टायरच्या बगला फुगल्या, त्यांना भेगा पडल्या. साकीनाक्याच्या टायरवाल्यानं बोट दाबून बघितलं आणि म्हणाला, "बाई, याचा हलवा केलात तुम्ही."

दुसरी कुणी असती तर तोंड लपवून बसली असती. कमळी तर चारचौघांत म्हणालीच, "हिरूनं गारी मुरवत घातली." तू तिचं ऐकून घेतलंस. नव्या रबराचे टायर चढले त्या सकाळी पाचही जणींना गाडीभोवती उभं केलंस आणि जे केलंस त्याला तोड नाही. मी आजवर ज्या ज्या सभेत गेले, जे जे ठराव ऐकले, त्यातला एकही त्याच्या जवळपास पोचत नाही.

तू म्हणालीस, "होरीत ज्याचा त्याचा वाटा असतो. जाल्याचा वाटा, होरीचा वाटा, हाताचा वाटा. म्हनून कोन बोलत नाय, हे माजा काम नाय. गारी सगल्यांची बोललो, म्हनून कोनाचीच नाय झाली. मी येकटी तेल लावत बसलो, कोनी माजा हात नाय धरला. आता चाका पाच न बाया पाच. जिचा चाक तिनं जपायचा."

आणि कुणी बोलायच्या आत स्वतःचं चाक सांगून टाकलंस. "पुरचा डावा माजा."

पुढचं डावं. गटाराच्या अंगाचं, खड्ड्यातून जाणारं, फुटपाथला घासणारं, सगळ्यांत आधी झिजणारं. तेच का, असं मी विचारलं नाही. मला वाटलं, पुढारीपण.

येसूमावशीच्या वाट्याला आली स्टेपनी. काय तापली ती! "माजा पाय मोडला म्हनून मना बसलेला चाक देतंस?"

तू शांतपणे म्हणालीस, "बाकीची चारही चाका तुज्या चाकाच्या भरवशावर फिरतात गो. ज्या दिशी लागंल त्या दिशी तूच रानी."

मग तो रोजचा कारभार सुरू झाला. बाजारातून गाडी परत आली की प्रत्येकीनं एक बादली आणायची. गोडं पाणी प्यायला पुरत नाही, म्हणून कपडे खळबळून उरलेलं साबणाचं पाणी. त्यानं चाकाची लोखंडी कडा, आतली बाजू, वरचा पत्रा, सगळं धुवायचं, कारण मासळीचं खारं पाणी लोखंड खातं. मग अंबाड्यातला आकडा काढायचा आणि टायरच्या खाचेत अडकलेल्या कालवांच्या शिंपल्या, खडे, काटे टोकरून काढायचे. आज टोकरला नाही तर उद्या तोच तुकडा आत घुसून पंक्चर करतो. हवेच्या व्हॉल्व्हवर थुंकीचा थेंब, बुडबुडा आला तर हवा जातेय. नखानं खाच बघायची. शेवटी तू वल्ह्याचा तुटका तुकडा घेऊन चारी चाकांवर ठोकत फिरायचीस. टण्ण वाजलं तर ठीक, भद्द वाजलं की त्या चाकाची बाई तुझ्यापुढे हजर!

दत्तूचं तर तू जिणं हराम केलंस. हवा सकाळी, गाडी चालायच्या आधी, टायर थंड असताना बघायची, कारण चाललेला टायर तापून फुगतो आणि खोटी हवा दाखवतो. इंजिनातल्या तेलाची काडी फडक्याला पुसून, परत बुडवून, तुला दाखवायची. बॅटरीतलं पाणी, ब्रेकचं तेल, पंख्याचा पट्टा. तो म्हणायचा, "आत्या, मी ड्रायव्हर हाय का पुजारी?" तू म्हणायचीस, "आदी पूजा, मंग भारा."

रस्ते तेच, खड्डे तेच, मासळी तीच. बाबूशेठच्या गाड्या आज इथे बसल्या, उद्या तिथे. आपली गाडी बाजार उघडायच्या आत दारात. एकदा त्याच्या टेम्पोचं चाक जुहूच्या रस्त्यावर फुटलं आणि गोराईच्या बाया पाट्या घेऊन उन्हात बसलेल्या, बर्फ वितळतोय, मासळी मरगळतेय. तू दत्तूला थांबवलंस. मी म्हटलं, सगळ्यांना घे. तू म्हणालीस, "सगल्यांना येका वक्ताला घेतला त आपला टायर बसंल. दोन फेऱ्या करू." आणि केल्यास. बाबूशेठ त्याच्या गाडीच्या बॉनेटला टेकून उभा होता. त्याच्या डोळ्यांदेखत पाट्या उचलल्या गेल्या, अंधेरीला पोचल्या आणि गाडी परत येऊन उरलेल्या घेऊन गेली. कमळीनं दुसऱ्या फेरीत त्याला विचारलंसुद्धा, "शेट, बसनार काय? मांगं जागा हाय." गोराईच्या बायांनी संध्याकाळी तुला गाठलं. "आमाला पन येक चाक दे." तू म्हणालीस, "चाका संपली. दुसरी गारी घेवा."

इथवर मी तुझ्या बाजूनं लिहिलं. आता भांडण.

बाबांनी मला सांगितलं, चाकं जागच्या जागी ठेवायची नसतात. पुढचं मागे, मागचं पुढे, स्टेपनीसुद्धा फेऱ्यात घ्यायची. म्हणजे पाचही टायर सारखे झिजतात, नाहीतर एक मरतो आणि बाकीचे तसेच राहतात. बसच्या डेपोत ठरावीक मुदतीनं हे करतातच. मी येऊन तुम्हाला सांगितलं. वाट लागली माझी!

कमळी म्हणाली, "वा गो वा! माजा चाक मी लेकरावानी ठेवलाय. हिरूचा झिजलेला माज्या जाग्यावर येनार न माजा चांगला गटारात जानार?" थोरली सोना म्हणाली, नाय. धाकटी म्हणाली, थोरली बोलते तसा. मी तुझ्याकडे बघितलं. मला खात्री होती, तू माझी बाजू घेशील. आणि तू? "वाटा म्हंजे वाटा. चाक हलनार नाय."

"मावशी, ही मालकीची हाव आहे! तू भांडवलदारासारखी बोलतेस!"

"भांडवलदार म्हंजे कोन?"

"बाबूशेठ!"

ओलं फडकं थेट माझ्या तोंडावर बसलं. अजून खारट चव आठवते.

मीही ऐकणारी नव्हते. तुझ्याविरुद्ध पत्रक काढलं. एकच प्रत, हातानं लिहिलेली, आणि चिकटवली थेट टेम्पोच्या काचेवर. "चाक फिरवा, गाडी वाचवा! वाट्याच्या नावाखाली टायरचा बळी देणाऱ्यांनो, जागे व्हा!" तू दत्तूला ते मोठ्यानं वाचायला लावलंस. शेवटपर्यंत ऐकलंस. मग सोडवून घडी केलीस आणि म्हणालीस, "अक्षर बरा हाय. पन माजा जीव हाय तवर माजा चाक हलनार नाय."

मी पाय आपटत निघाले. तू चाक धूत होतीस. पाठमोरीच होतीस, माझ्याकडे न बघता हळू बोललीस. "येसूचा पाय याच जाग्यावरच्या चाकानं घेतला. या जाग्यावर मी दुसऱ्या कोनाला नाय बसवनार. भद्द वाजला त माज्या नावानं वाजू दे."

मी चालतच राहिले. पण एवढं मात्र तेव्हा सांगायचं राहिलं, की त्या दिवशी भांडण मी हरले नव्हते, तरी तू मात्र जिंकली होतीस. आजही म्हणते, चाकाच्या बाबतीत तुझं चूक होतं. पण मी ज्याला हाव म्हटलं ते दुसऱ्याच्या वाट्याचं भय स्वतःच्या अंगावर ओढून घेणं होतं. त्याला शब्द माझ्या एकाही पत्रकात नव्हता.

मग तू बाजारात, पाटीपुढे, पापलेट तोलता तोलता बसलीस ती उठली नाहीस. आणि तुझं चाक तसंच राहिलं. काठाला झिजलेलं, मधल्या खाचेत नख जेमतेम बुडणारं. बाबूशेठनं ते येताजाता बरोबर हेरून ठेवलं होतं. नव्या टायरसाठी नाव नोंदवून बसावं लागतं, आणि पासिंग कुणासाठी थांबत नाही.

तो हसत गेल्यानंतर दत्तू म्हणाला, "बाकीचे चारही टायर टकाटक हायत. येकच अडलंय." कमळी माझ्याकडे बघून लगेच दुसरीकडे बघायला लागली. मी काय म्हणणार होते ते तिला माहीत होतं. मावशी, त्या वेळी मी गप्प बसले. हो, मी! तुझं चाक हलवा हे माझ्या तोंडून निघेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी जॅक लावल्याचा आवाज आला. येसूमावशी आपला पाय ओढत गाडीपर्यंत आली होती. दत्तूला सांगत होती, "हिरूचा चाक काढ. तिच्या जाग्यावर माजा लाव."

कमळी धावत आली. "येसू, तुना सुतक हाय!"

"सुतक मना हाय. चाकाला नाय."

"न हिरू काय बोलली व्हती? माजा चाक हलनार नाय."

"नीट आयकलंस नाय तू. जीव हाय तवर, बोलली व्हती." येसूमावशीनं स्टेपनीवर हात ठेवला. जवळजवळ कोरी, रोज पुसून काळीभोर झालेली, रस्त्याला क्वचितच लागलेली. "माज्या पायासाठी ती त्या गटाराच्या जाग्यावर बसली. मना ठावं नाय काय? इतकं दिवस माजा चाक सावलीत बसला. आता माजी पाली."

कमळी उभीच राहिली. मग पदर खोचला. "मंग माजा मांगचा पन काढ. मी कनाला मांगं राहू?" थोरली सोना म्हणाली, माजा पन. धाकटी तोंड उघडायच्या आत दत्तूनं तिच्या चाकाचे नट सैल केले होते. पाचही चाकं फिरली, मावशी! बाबा डेपोत करतात तशी, मी काचेवर लिहून चिकटवलं होतं तशी, एकूण एक. आणि मी "बघा, मी सांगितलं नव्हतं?" असं म्हणाले नाही. हे ऐकून तू खोटं म्हणशील. दत्तूला विचार.

सुतक फिटलं आणि पासिंगचा दिवस आला, मैदानात गाड्यांची रांग होती. चौघी बसनं आल्या, ठेवणीतली लुगडी नेसून, अंबाड्यात फुलं घालून. माणसं वळून बघत होती. ब्रेक झाला, दिवे झाले, भोंगा झाला. मग साहेब चाकांकडे वळले. पुढच्या डाव्या चाकापाशी वाकले, हात फिरवला, अंगठ्याचं नख खाचेत घातलं. नख पार आत गेलं.

"एवढी स्वच्छ मासळीची गाडी मी बघितली नाही," ते म्हणाले. "कुणाची?"

"आमची," चौघी एकदम म्हणाल्या.

येसूमावशी म्हणाली, "पाचजनींची."

"चारच दिसताय."

तिनं मागे बोट केलं, स्टेपनीच्या जागेकडे. तिथे तुझं चाक होतं, धुतलेलं, काठाला झिजलेलं. "पाचवी थय हाय."

साहेबांना काय समजलं कोण जाणे. त्यांनी तेही चाक नखानं बघितलं. "स्टेपनीला चालेल," म्हणाले. "पण त्यावर रबर चढवून घ्या." आणि शिक्का मारला.

मागच्याच बाजूला बाबूशेठचा टेम्पो होता. साहेब त्याच्या चाकाशी वाकलेसुद्धा नाहीत, लांबूनच हातानं "परत न्या" म्हणाले. गोटा! भर मैदानात, उन्हात, सगळ्यांसमोर गोटा! तुझ्या घरातून हसत गेलेला माणूस टोपी काढून डोकं पुसत उभा होता. कमळीनं त्याला ऐकू जाईल अशा आवाजात दत्तूला विचारलं, "शेटना सोरायचा काय घरी? मांगं जागा हाय." आणि बाबूशेठचा ड्रायव्हर, हो, त्याचा स्वतःचा ड्रायव्हर, हळूच माझ्यापाशी येऊन म्हणाला, "ताई, ते टायरचं पत्रक अजून हाय काय? आमी सगले डायवर बोलनार हाव शेटशी. असली गारी उद्यापासून भायेर नाय काढायची."

होतं. पिशवीत होतं. ऐकतेस ना, मावशी? त्या धिक्काराला गाडी नव्हती तुझ्या मते. आता बघ, गाडीनंच धिक्कार कुठवर नेला!

वर्सोव्यात शिरताना दत्तूनं भोंगा जो दाबला तो गाडी थांबेपर्यंत सोडला नाही. गोराईच्या बाया आधीच येऊन बसलेल्या. त्यांची गाडी ठरलीय. त्यांना विचारायचं होतं, चाकं वाटून घ्यायची तर ती फिरवायची कशी. येसूमावशीनं निकाल दिला, "चाक फिरनार न बाय चाकाबरोबर फिरनार. गटाराच्या जाग्यावर समद्यांची पाली." म्हणजे वाटा तुझा राहिला आणि फिरवणं माझं. आपलं भांडण तिनं एका दमात मिटवलं, तेही आपल्या दोघींना न विचारता.

तुझं चाक काल साकीनाक्याहून परत आलं. नवं रबर, खोल खाचा. हलवा म्हणणारा तोच टायरवाला म्हणाला, आतलं कापड एकदम मजबूत आहे, बाईंनी जपलंय. आल्या आल्या ते मागे लागलं, पुढच्या फेऱ्यात पुढे येईल. कुणाच्या नावानं, असं मी विचारलं. चौघींनी एकमेकींकडे बघितलं. येसूमावशीनं पेटीतून तुझा अंबाड्याचा आकडा काढला आणि माझ्या हातात दिला.

"ए कागदवाली. कागद बाजूला ठेव न बादली उचल."

पत्रकं मी बंद करणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. पण आता उठते. गाडी बाजारातून आलीय. मघाशी सहज हात घालून बघितलं, तुझ्या चाकाच्या नव्या खाचेत पहिलीच शिंपली अडकली होती. टोकरून काढली.

वल्ह्याचा तुकडा घेऊन ठोकूनही बघितलं, मावशी. टण्ण वाजलं.